तिसरी शीळ

मुराद कुठल्याही कठड्याला टेकण्याआधी तो हलवून बघायचा. दवाखान्याचा जिना असो, नाहीतर कासू स्टेशनातला पूल. लग्नाच्या मांडवात शिरला की आधी खांबाला दोन थापा, मग नवरदेवाच्या बापाला सलाम. चहा बशीत ओतायचा आणि पहिली बशी बायकोकडे, सुगराकडे सरकवायचा. चपला उंबऱ्याच्या वाटेत कधी सोडायचा नाही. पाय अडकून माणूस पडतो म्हणायचा. पडण्याचे सगळे प्रकार त्याला ठाऊक होते. शर्टाच्या खिशात कापडाच्या दोन पट्ट्या असायच्या, एक लाल, एक हिरवी. शीळ घालताना डोळे मिटायचा. समोरचा एक दात नव्हता, त्यामुळे शिळेच्या शेवटी हवा निसटल्यासारखा फस्स आवाज यायचा.

आणि पक्षी बघायला गेला की तो पक्ष्याकडे बघायचाच नाही. सुगराच्या तोंडाकडे बघायचा.

हे सुगराच्या फार उशिरा लक्षात आलं. पेणच्या मिठागरांवर रोहित पक्षी उतरले होते. तिनं दुर्बीण त्याच्यापुढे केली, तर हा तिच्याकडेच टक लावून बसलेला. तिनं विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "काय नाय. तुझ्या भुवया वर गेल्या की नवं पाखरू. ओठ आवळलेस की उडालं. मला दुर्बीण कशाला पायजे?"

मुराद रोह्याचा. तरुणपणीच आखातात गेला आणि तिथल्या एका तेल कंपनीत परांची बांधत राहिला. टाक्या, धुरांडी, उंच नळ, जिथं माणसाला हात पोचवायचा असेल तिथं आधी मुराद पाईप आणि क्लॅम्प घेऊन चढायचा. त्याच्या मागून बाकीचे. सुगरा पेणकडची, खाडीकाठच्या गावातली. लग्न झालं आणि दोघांनी रोह्याजवळ वरशात घर बांधलं, म्हणजे पैसे त्यानं पाठवले आणि गवंड्याशी भांडणं तिनं केली. तेव्हा वरशात आजच्यासारख्या इमारती नव्हत्या. भाताची शेतं थेट मागल्या दारापर्यंत यायची. मूल झालं नाही. दुपार मोठी असायची. सुगरा मागच्या पायरीवर बसून शेताकडे बघायची.

आधी तिला फक्त बगळे दिसले. मग बगळ्यांतले फरक दिसले. मग रोह्याच्या वाचनालयातून तिनं पक्ष्यांचं पुस्तक आणलं आणि ते परत द्यायला दर वेळी उशीर करू लागली.

शुक्रवारी आखातातून फोन यायचा. बाकीच्या घरांतल्या बायका फोनवर पैशाचं, सासूचं, आजारपणाचं सांगायच्या. सुगरा सांगायची, मागच्या तारेवर निळ्या शेपटीचे राघू आलेत. पहिल्यांदा मुरादनं फोन लवकर ठेवला. त्याला वाटलं, बायको एकटीनं राहून भ्रमिष्ट झाली. पुढल्या शुक्रवारी त्यानंच विचारलं, "ते राघू गेले काय?"

त्या वर्षी तो सुट्टीवर आला तेव्हा बॅगेतून दुर्बीण निघाली. त्याची बहीण मलिका समोर बसली होती. तिनं बॅगेचा तळ चाचपून बघितला. मग म्हणाली, "लोकांचे नवरे बांगड्या आणतात. माझ्या भावानं दुर्बीण आणली. आता सोनं लांबून बघ गो सुगरा." सगळे हसले. मुराद सगळ्यांत मोठ्यानं हसला.

कायमचा परत आल्यावर त्यानं जुनी स्कूटर घेतली. मग दोघं हिंडू लागले. पेणची मिठागरं, कासूच्या खालची पाणथळ, गागोद्याचा डोंगर. नाश्ता तो बांधायचा, रस्ता तो विचारायचा, गावकऱ्यांना उत्तरं तो द्यायचा. काय शोधताय, असं कुणी विचारलं की तो गंभीरपणे म्हणायचा, हिचं पाखरू हरवलंय. एकदा दोघं भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात जाऊन आले. तिथल्या मनोऱ्याचा कठडा मुरादनं हलवला, तो लटपटला, आणि मुरादनं तिथल्या रखवालदाराला हिंदीत इतकं सुनावलं की दुसऱ्या दिवशी सुतार आला. सुगराला भरतपूरमधले करकोचे आठवतात. आणि तो सुतार.

पुढे तिचे गुडघे गेले. खाली बसलं की उठता येईना. उभं राहिलं की दुर्बीण थरथरे. तिनं दुर्बीण कपाटात ठेवून दिली, तसं मुरादनं भंगारवाल्याकडून पाईप आणले.

ती जागा जनूच्या वरकसात होती. जनू त्याचा शाळेपासूनचा मित्र. रोह्याहून मुरुडकडे जाणाऱ्या घाटाला लागून जनूची डोंगरउताराची जमीन आहे. ऐन, किंजळ, अंजनीची झाडं आणि मधून वाहणारा वहाळ. वहाळाच्या वर, दरीच्या तोंडाशी, मुरादनं परांची उभी केली. माणसाच्या दीडपट उंच. रुंद पायऱ्यांची शिडी, वर फळ्या, फळ्यांवर बैठक. तिथं सुगरा खुर्चीत बसल्यासारखी बसायची आणि ऐनाच्या शेंड्यातले पक्षी तिच्या डोळ्यांसमोर यायचे. जनूची बायको पुतळी खालून ओरडायची, भाभी, राणीवानी दिसता.

त्या परांचीला कंपनीतला नियम होता. काम अपुरं असेल, एखादा क्लॅम्प ढिला असेल, तर शिडीला लाल पट्टी. सगळं पक्कं झालं की हिरवी. लाल असताना कुणी चढायचं नाही, साहेब असला तरी. मुराद हे सांगायचा तेव्हा त्याच्या आवाजातली थट्टा निघून जायची. आखातात एकदा कुणीतरी लाल पट्टी बघितली नव्हती. त्याच्या पुढचं तो सांगत नसे. दर पावसाळ्यानंतर तो शिडीला लाल पट्टी बांधायचा, एकेक क्लॅम्प पान्यानं आवळायचा, मग पट्टी बदलायचा आणि शीळ घालून सुगराला वर बोलवायचा. काम चालू असताना शीळ घालायचा नाही. ऐकून तू चढशील, म्हणायचा.

शीळ तीनदा. हा नियम सुगराच्या माहेरचा होता.

खाडीकाठी पहाटेचं धुकं पडतं तेव्हा मिठागराच्या बांधावर हातभरावरचं दिसत नाही. अशा वेळी कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. चकवा ऐकतो म्हणतात, आणि मग त्याच आवाजात हाक मारून माणसाला चिखलात नेतो. पण चकव्याला दोनच हाका येतात. म्हणून मिठागरावरची माणसं, आगरी असोत की मुसलमान, धुक्यात तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाहीत. सुगराच्या मामानं एकदा दुसऱ्या हाकेला ओ दिली होती. तो सापडला, पण नंतर बांधावर गेला नाही.

मुरादला हे सांगितलं तेव्हा तो हसला होता. पण जंगलात ओरडलं तर पक्षी उडतात, शिळेनं उडत नाहीत. म्हणून शीळ धरली, आणि सुगराच्या समाधानासाठी तीनदा. तिनं उलट एकच खालच्या पट्टीतली शीळ द्यायची. एवढंच.

मग एका सकाळी सुगरा वहाळाशी असताना वरून दोन शिळा आल्या. तिला वाटलं, तिसरी ऐकू आली नसेल. ती धापा टाकत वर गेली. मुराद परांचीखाली वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपला होता. तिनं त्याला हलवलं.

"मी कुठं बोलावलं?" तो म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तेवढ्यात दोघांच्या डोक्यावर, ऐनाच्या पानांत, तीच शीळ झाली. दोनदा. शेवटी हवा निसटल्यासारखं फस्स.

सुगरानं मान वर केली. काळाभोर भृंगराज बसला होता. शेपटीच्या दोन लांब तारा, टोकाला पिसाचं एकेक पान. भृंगराज दुसऱ्यांचे आवाज उचलतो हे तिला ठाऊक होतं. शिक्र्याचा उचलतो, बुलबुलाचा उचलतो. माणसाचा इतका हुबेहूब उचललेला तिनं ऐकला नव्हता. मुराद हसत सुटला. म्हणाला, दात पाडायला मला साठ वर्षं लागली, ह्याला जन्मापासूनच नाय. सुगराही हसली. पण तिच्या हातावर काटा होता.

भृंगराजाला दोनच शिळा यायच्या. तिसरी कधी आली नाही. मुराद म्हणायचा, त्यानं शिकवणी अर्ध्यात सोडली. तेव्हापासून तीनचा नियम थट्टेचा राहिला नाही. दोन झाल्या की सुगरा जागची हलायची नाही.

गणपती येऊन गेले होते. घाटावर अजून ढग उतरायचे. मुराद परांचीचा दरीकडचा कठडा बदलत होता. जुना पाईप गंजला होता. शिडीला लाल पट्टी होती. सुगरा खाली वहाळाशी मुरादनं आणून ठेवलेल्या सपाट दगडावर बसली होती. समोरच्या दरडीत तिबोटी खंड्याचं बीळ होतं. एवढासा पक्षी, चोच लाल, पाठ जांभळी. नर-मादी आळीपाळीनं पिल्लांना घास आणत होती.

वर पान्याचा पाईपवर टक टक आवाज चालला होता. मग तो थांबला.

मग दोन शिळा झाल्या.

सुगराला आठवतं, ती हसली होती. आला मेला, असं मनात म्हणाली होती. तिसरीची वाट बघितली. आली नाही. तेवढ्यात खंड्या चोचीत सापसुरळी धरून आला. सापसुरळी त्याच्याइतकीच लांब होती. ती बिळात जाईना. त्यानं ती फांदीवर आपटली, पुन्हा धरली, पुन्हा प्रयत्न केला. सुगरा श्वास रोखून बघत होती. फार सुंदर होतं ते. ते ती नंतर कुणाला सांगू शकली नाही, की तेव्हा किती सुंदर होतं.

घास बिळात गेला. सुगरानं दुर्बीण खाली केली. मग तिला ऐकू आलं की पान्याचा आवाज येत नाहीये.

ती वर गेली. मुराद परांचीच्या पायथ्याशी शिडीला पाठ लावून बसला होता. पाना मांडीत. पडला नव्हता, कुठं खरचटलंही नव्हतं. उतरून, पान्यासकट, नीट बसला होता. डोळे अर्धे उघडे. थोड्या अंतरावर जनूची म्हैस चरायची थांबून त्याच्याकडे बघत होती.

रोह्याच्या डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. फार त्रास झाला नसेल, म्हणाले. सुगरानं एकच विचारलं.

"शीळ घालता आली असती का?"

डॉक्टरांना वाटलं, ती धक्क्यात आहे. त्यांनी मलिकाला बाजूला घेऊन झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

सुगरा इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नव्हतं. बायका येत, कुराण वाचत, मुरादच्या गोष्टी सांगत. मांडवाच्या खांबाची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. सुगरा ऐकायची. दोन शिळांचं तिनं कुणाला सांगितलं नाही. ती मनात तीच सकाळ पुन्हा लावून बघायची. टक टक. शांतता. एक शीळ. दुसरी शीळ. शेवटी फस्स. ते पाखरू होतं, तर ती तिथं बसून खंड्या बघत होती, इतकंच. आणि तो मुराद होता, तर त्यानं बोलावलं, दोनदा बोलावलं, तिसऱ्याला त्याला श्वास पुरला नाही, आणि ती ऐकूनही बसून राहिली. तिच्याच माहेरच्या नियमानं बसून राहिली.

आवाजावरून ठरणार नव्हतं. आवाज दोघांचा एकच होता.

एक दिवस पुतळी भेटायला आली. केळीच्या पानात गुंडाळून काकड्या आणल्या होत्या. मलिका चहाला आत गेली, तशी ती जवळ सरकली.

"भाभी, रागावू नका. पण तिकडं शीळ ऐकू येते अजून."

पाखरू हाय ते, सुगरा म्हणाली.

"व्हय, धनी पण तेच बोलतात," पुतळी म्हणाली. "पण तेच आता त्या अंगाला गवत कापाय जात नाय. आणि म्हैस जाते. मुरादभाई तिला केळ्याची सालं द्यायचे ना. शीळ झाली की ती जाते नि परांचीखाली उभी ऱ्हाते. मान वर करून. ती झाडाकडं बघत नाय, भाभी. फळ्यांकडं बघते."

सुगरानं विचारलं, दोनदा होते की तीनदा. पुतळीनं मोजलं नव्हतं.

इद्दत संपली त्याच आठवड्यात सुगरानं मुसाला गाठलं. मुसा मलिकाचा मुलगा; रोह्याजवळ एका कंपनीत फॅब्रिकेशनला आहे, दोन पोरांचा बाप. त्याला साप्ताहिक सुट्टी असेल तेव्हा त्यानं तिला सकाळी घाटात सोडायचं आणि उन्हं चढल्यावर आणायचं, असं ठरलं. मलिकानं कपाळाला हात लावला. म्हणाली, नवरा गेला तरी पाखरं सुटली नाहीत. मामाची स्कूटर मुसानं दुरुस्त करून घेतली होती.

सुगराला एकच ऐकायचं होतं. भृंगराज अजून दोनच घालतो, अगदी तशाच, त्याच जागेवरून, हे एकदा कानानं ऐकलं की त्या सकाळच्या दोनही त्याच्याच होत्या असं धरता येईल. निदान धरून बसता येईल.

ती जाऊन दगडावर बसली. खंड्याचं बीळ रिकामं होतं, तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं. वर भृंगराज बोलत होता. शिक्रा झाला, बुलबुल झाला, जनूच्या शेळीसारखा बें करून ओरडला. शीळ घातली नाही. पुढल्या खेपेलाही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पुतळी म्हणाली, परवा झाली, काल झाली. सुगरा असली की होत नव्हती. ती घरी येऊन मागच्या पायरीवर बसायची आणि तिला वाटायचं, तिकडे कुणीतरी तिच्या जाण्याची वाट बघत थांबलेलं असतं.

मग ती सकाळ आली. थंडी होती आणि दरीतून धुकं चढत होतं. घाटात असं दाट धुकं क्वचित पडतं. मुसानं तिला पायवाटेवर सोडलं तेव्हा ऐनाचे बुंधे दिसत होते, शेंडे नव्हते. तो म्हणाला, मामी, आज काय दिसणार तुला? ती म्हणाली, मला दिसायला नको हाय.

दगडावर बसली तोवर वहाळाचा पलीकडचा काठ गेला. पक्ष्यांचे आवाज थांबले. पाण्याचा तेवढा राहिला. सुगरानं दुर्बीण पिशवीतून काढलीच नाही. हात पदरात घेऊन बसली.

वरून शीळ झाली.

मग दुसरी. शेवटी फस्स. बरोबर तशीच, त्याच अंगानं. सुगरानं डोळे मिटले. झालं, तिला वाटलं. दोनच. पाखरूच. तिच्या छातीवरचं काहीतरी हलायला लागलं.

आणि तिसरी झाली.

सुगरा हलली नाही. तिसरी अशी कधीच आली नव्हती, मुराद असतानासुद्धा त्या पाखराकडून नाही. तिनं मामाला आठवलं, आईला आठवलं. दोनपर्यंत काय करायचं ते सगळ्यांनी सांगितलं होतं. तीन झाल्यावर काय करायचं तेही सांगितलं होतं. तीन झाल्या म्हणजे माणूस आहे. माणसाला ओ द्यायची.

तिनं ओठांचा चंबू केला. ओठ थंडीनं फुटले होते. खालच्या पट्टीतली एक शीळ तिनं दिली. ती धुक्यात गेली, आणि लगेच, जणू कुणी तिचीच वाट बघत होतं, वरून पुन्हा तीन आल्या.

ती चढू लागली. गुडघ्यांचं भान राहिलं नाही. पायवाट पायांना ठाऊक होती. शीळ आता जवळ होती, मग आणखी जवळ. धुक्यातून आधी म्हैस दिसली. ती परांचीखाली उभी होती, मान वर. मग शिडी दिसली, मग वरच्या फळ्यांची कड. त्याच्यावर पांढरं. पुतळी म्हणाली होती तसंच, म्हैस झाडाकडे बघत नव्हती.

फळ्यांवरून तीन शिळा झाल्या. हळू. जवळच्या माणसाला घालतात तशा.

सुगरानं पिशवी खाली ठेवली. पदर कमरेला खोचला. तिच्या मनात भीती नव्हती, हे तिला नंतर आठवून घाम फुटला. तेव्हा तिला फक्त वर जायचं होतं. वर गेलं की विचारता येईल. एक पाय तिनं शिडीच्या पहिल्या पायरीवर ठेवला. आणि चढण्याआधी, इतक्या वर्षांच्या संगतीनं, हातानं पाईप धरून हलवला.

पाईप हलला. त्याच्याबरोबर काहीतरी ओलं तिच्या मनगटाला लागलं.

लाल पट्टी होती. पावसानं, उन्हानं विटलेली, पण लाल. मुरादची गाठ. तिनं वर बघितलं. धुक्यात दरीकडची बाजू मोकळी होती. कठडा नव्हता. फळ्या संपत होत्या आणि पुढे पांढरं होतं, आणि त्या पांढऱ्याखाली दरी होती. हे तिला ठाऊक होतं. गेले इतके महिने ठाऊक होतं. आत्ता चढताना ठाऊक नव्हतं.

वरून पुन्हा शीळ सुरू झाली. एक. दोन.

"लाल हाय," सुगरा म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नव्हती. घरात बोलावं तशी बोलली. वर शांत झालं. तिसरी आली नाही. पंख फडफडल्याचा आवाजही आला नाही. तिनं कान देऊन ऐकलं. म्हशीनं कान झटकले, मान खाली घातली आणि वळून चरायला गेली.

सुगरानं पायरीवरचा पाय काढला. मग तिचे गुडघे एकदम दुखू लागले. ती खाली, शिडीला पाठ लावून बसली, मुराद बसला होता तिथंच.

मुसा आला तेव्हा धुकं फाटत होतं. मामीला तिथं बसलेली बघून तो धावत आला. तिनं हात वर केला, मला काय झालेलं नाय, म्हणाली. त्यानं तिला उठवलं, पाणी दिलं. मग त्याची नजर परांचीवर गेली. तो त्याच धंद्यातला. त्यानं मोकळी बाजू बघितली, गवतात पडलेला पाईप बघितला, क्लॅम्प हातानं फिरवून बघितला.

"मामी, सगळं तयार हाय. मामानं पाईप कापून पण ठेवलाय. नुसता चढवून आवळायचा. अर्ध्या तासाचं काम. पुढच्या सुट्टीला करतो, मग बस खुशाल."

"नको."

त्यानं कारण विचारलं. मग सुगरानं त्याला मुराद गेला त्या सकाळच्या दोन शिळांचं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. तीनचा नियम सांगितला, खंड्याचं सांगितलं. मुसा ऐकत राहिला. आजचं तिनं अर्धंच सांगितलं.

"लाल असताना तो मला बोलवायचा नाय," ती म्हणाली. "कधीच नाय. आज ज्यानं बोलावलं तो तो नव्हता."

मुसानं मान हलवली.

"त्या दिवशी पण लालच होती."

तिनं ते पुन्हा एकदा, स्वतःशी म्हटल्यासारखं म्हटलं. तिचा चेहरा थोडा सैल झाला. एवढ्यावर घरी जाता येईल, असं तिला वाटलं असावं. मरणाच्या दारातला माणूस लाल-हिरवं बघतो का, हे तिनं मुसाला विचारलं नाही. मुसाच्याही तोंडावर तो प्रश्न आला होता. त्यानं तो गिळला आणि पिशवी उचलली.

त्यानंतरही सुगरा तिथं जाते. खाली दगडावर बसते. शीळ होते कधी दोनदा, कधी तीनदा. ती ओ देत नाही. गेल्या पावसाळ्यात तिबोटी खंड्या परत आला, तेव्हा तिनं दुर्बीण लावली. शेजारी तिच्या तोंडाकडे बघायला कुणी नव्हतं. तिच्या भुवया तरीही वर गेल्या.

हिरवी पट्टी मुरादच्या शर्टाच्या खिशात होती. दवाखान्यातून कपडे घरी आले त्यांतच ती आली. सुगरानं शर्ट धुतला, पट्टी धुतली, घडी करून पुन्हा त्याच खिशात ठेवली. वर घाटात लाल पट्टी शिडीला आहे. मुसानं क्लॅम्पना वंगण लावलंय, बाकी कशाला हात लावला नाही. दरीकडची बाजू मोकळी आहे. आणि खाली गवतात तो पाईप पडलाय, मापात कापलेला, एका टोकाला क्लॅम्प बसवलेला, दुसऱ्या टोकाला अजून बसवायचा. मधोमध खडूची एक रेघ होती. सुगरा बसल्यावर तिचा हात कुठं टेकेल, ते बघून मुरादनं ती मारली होती. तिथं तो कापड गुंडाळणार होता, थंडीत लोखंड गार लागतं म्हणून.